परीक्षेच्या ताणात योगाभ्यासाने शरीरात नेमके काय बदलते?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. माझी मुलगी नाशिकला बारावी विज्ञान शाखेत शिकते. फेब्रुवारीत बोर्डाची लेखी परीक्षा, तिच्याआधी प्रात्यक्षिके, त्यानंतर सीईटी आणि मे महिन्यात नीट, असा पुढचा सगळा काळ परीक्षांनीच भरलेला आहे. अभ्यासात ती मागे नाही. मात्र दिवाळीआधीच्या सहामाही परीक्षेत तिची जी अवस्था झाली ती पाहून मी धास्तावले आहे. पेपरच्या दिवशी सकाळी तिचे तळहात ओले आणि गार पडत, तोंडाला कोरड येई, घरातून निघेपर्यंत दोन-तीनदा शौचास जावे लागे, आणि रात्री दिवा मालवल्यावर बराच वेळ तिला झोप लागत नसे. त्या महिन्यात पाळीही लांबली. भौतिकशास्त्राच्या पेपरात रोजच्या वापरातले एक सूत्र तिला काही केल्या आठवले नाही आणि वर्गाबाहेर पडताच ते आठवले, याचे तिला फार वाईट वाटले.

ओळखीतला प्रत्येक जण आता तिला योगासने सुरू करायला सांगतो. शेजारच्या काकू कपालभातीचा आग्रह धरतात, शिकवणीतले एक शिक्षक भ्रामरीने स्मरणशक्ती दुप्पट होते असे म्हणतात, आणि मोबाईलवर तर दर दोन मिनिटांनी नवा दावा समोर येतो. मला योगाविषयी आदर आहे, पण "आमच्या मुलाला फार फायदा झाला" एवढ्या आधारावर बारावीच्या वर्षातला वेळ खर्च करण्याची माझी तयारी नाही. परीक्षेच्या ताणात शरीरात नेमके काय घडते, योगाभ्यासाने त्यातले काय बदलते आणि काय बदलत नाही, फेब्रुवारीपर्यंतचे तीन महिने त्यासाठी पुरेसे आहेत का, आणि शरीर जास्तच शांत झाले तर परीक्षेला लागणारी तरतरी कमी होणार नाही ना, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : नाडीपरीक्षक

ताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. टोपणनाव गमतीने घेतले आहे, नाडीवरून रोग ओळखण्याचा माझा दावा नाही. आपण सांगितलेली लक्षणे एकेक करून पाहिली की पुढचे समजणे सोपे जाईल.

धोका जाणवला की मेंदूतील अधश्चेतक, ज्याला हायपोथॅलॅमस म्हणतात, दोन मार्गांनी शरीराला कामाला लावतो. पहिला मार्ग चेतातंतूंचा आहे आणि तो काही सेकंदांत चालू होतो. अनुकंपी चेतासंस्था उद्दीपित होते, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात आणि रक्त त्वचेकडून मोठ्या स्नायूंकडे वळते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे तळहात गार पडतात, आणि त्याच वेळी तिथल्या घामाच्या ग्रंथींना वेगळा संदेश जात असल्यामुळे ते ओलेही होतात. पातळ लाळ कमी झाल्याने तोंडाला कोरड पडते. पोटाची तऱ्हा थोडी निराळी आहे : ताणात जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणूनच सकाळी खाल्लेला घास वर येईलसे वाटते आणि त्याच वेळी शौचासही जावेसे वाटते. तिने काही चुकीचे खाल्ले असेल असे यावरून समजू नये.

दुसरा मार्ग संप्रेरकांचा आहे आणि तो संथ चालतो. अधश्चेतकाकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्य भागाला निरोप जातो, मग कॉर्टिसॉल रक्तात वाढू लागते. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याची पातळी शिखरावर पोहोचते आणि ओसरायला तासाच्या वर वेळ घेते. ॲड्रेनॅलिन मात्र दोन-तीन मिनिटांत निम्मे होते. कॉर्टिसॉलला लोकांनी उगाच खलनायक केले आहे. ते रोज पहाटेपासून वाढते, जाग आल्यानंतरच्या पाऊण तासात आणखी उसळी घेते, आणि ते नसेल तर माणूस अंथरुणातून उठूही शकणार नाही. अडचण होते ती ते रात्रीही खाली उतरत नाही तेव्हा. मग झोप लागत नाही, आणि प्रजननाच्या संप्रेरकांचा ताल सांभाळणारा अधश्चेतकच दडपला गेल्यामुळे पाळी पुढे जाते.

सूत्र न आठवण्याचे कारणही इथेच आहे. नवीन गोष्ट शिकताना आलेला माफक ताण ती पक्की करायला मदत करतो, पण आधीच शिकलेली गोष्ट आठवून बाहेर काढण्याच्या क्षणी कॉर्टिसॉल चढलेले असेल तर आठवण अडते. निरोगी प्रौढांना चाचणीआधी कॉर्टिसोनची (शरीरात गेल्यावर तिचे कॉर्टिसॉल होते) गोळी देऊन २००० साली हा प्रयोग झाला होता आणि आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द त्यांना कमी आठवले होते. आपल्या मुलीचे सूत्र स्मरणातून गेलेले नव्हते, त्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढा वेळ बंद होती. तिला हे जरूर सांगा, कारण आपली बुद्धीच कमी पडते आहे या समजुतीने पुढच्या पेपरचा ताण वाढतो.

परीक्षेचा ताण केवळ मनाचा खेळ नाही, याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण अमेरिकेतील ओहायोचे आहे. तेथील संशोधकांनी दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम दोनदा केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा महत्त्वाच्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या काळातील जखम भरायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. हे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. परीक्षा आली की मुलांना सर्दी-खोकला होतो, तोंड येते, या आपल्या घरोघरीच्या अनुभवाशी ते जुळते.

आता योगाकडे येतो. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, घाम, यांपैकी कशालाही आपण आज्ञा देऊ शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो, म्हणून स्वायत्त चेतासंस्थेपर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत सोयीचा रस्ता आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. सोडण्याच्या काळात व्हेगस नावाच्या चेतेचा, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या परानुकंपी संस्थेचा, हृदयावरचा ताबा वाढतो, आणि हा परिणाम अगदी पुढच्या ठोक्यावर दिसतो. निरोगी माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. तो वेग जाणीवपूर्वक ६ च्या आसपास आणला की श्वासाचा ताल आणि रक्तदाबातील नैसर्गिक चढउतारांचा ताल एकमेकांशी जुळतात, आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक जोमाने काम करते. हे उपकरणांनी मोजता येते, त्यासाठी श्रद्धा लागत नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले तेव्हापासून योगक्रिया प्रयोगशाळेत मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास १९६९ मध्येच प्रसिद्ध केला होता.

परीक्षेच्या संदर्भात थेट झालेले दोन भारतीय अभ्यास सांगतो. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या ५० विद्यार्थ्यांवरील अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या दिवशी योग करणाऱ्या गटाची चिंतेची गुणसंख्या उतरली, दुसऱ्या गटाची चढली. दुसरा अभ्यास दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातला, २०११ चा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या ६० विद्यार्थ्यांचे दोन गट केले आणि एका गटाने १२ आठवडे रोज ३५ मिनिटे प्रशिक्षकासमोर योगाभ्यास केला. परीक्षेच्या वेळी साध्या गटातील नाडी, श्वसनगती व रक्तदाब लक्षणीय वाढले, योगगटात तसा लक्षणीय फरक दिसला नाही. कॉर्टिसॉल मात्र दोन्ही गटांत वाढले, योगगटात कमी प्रमाणात. प्रतिकारशक्तीशी संबंधित गॅमा इंटरफेरॉन दोन्ही गटांत घटले, तेही योगगटात कमी.

या शेवटच्या दोन वाक्यांवर आपण जरा थांबावे असे मला वाटते. योग करणाऱ्यांनाही ताण आलाच, त्यांचेही कॉर्टिसॉल वाढले. योगाभ्यासाने शरीर ताणापासून मुक्त होत नाही, ताण कमी उंच चढतो आणि लवकर खाली उतरतो. म्हणूनच तरतरी जाण्याची आपली भीती अनाठायी आहे. पेपर हातात पडल्यावर थोडी धडधड व्हायलाच हवी आणि ती होईलच; ती पहिला प्रश्न लिहून होईपर्यंत ओसरते की तीन तास टिकते, एवढाच फरक अपेक्षित ठेवावा.

उत्तर २ : पाठीचाकणा

सरांनी शास्त्र सांगितले आहे, मी शिकवण्याच्या बाजूने लिहिते. पुण्यात शाळा-महाविद्यालयांतील मुलांचे योगवर्ग मी बरीच वर्षे घेते आहे, आणि जानेवारी उजाडला की "परीक्षेसाठी काहीतरी खास सांगा" म्हणणाऱ्या पालकांची रीघ लागते. ताईंनी तीन महिने आधी विचारले, हे फार चांगले झाले.

कपालभातीविषयी आधी स्पष्ट सांगते. ती मुळात शुद्धिक्रिया आहे. पोटाच्या झटक्यांनी वेगाने श्वास बाहेर टाकल्यावर शरीर उत्तेजित होते, डोके तरतरीत वाटते, आणि मरगळलेल्या, सुस्तावलेल्या मुलाला सकाळी ती थोड्या प्रमाणात उपयोगी पडू शकते. आपली मुलगी मात्र आधीच उत्तेजित आहे. शिवाय घरी कोणी पाहत नसताना मुले कपालभाती म्हणून भराभर खोल श्वास घेत राहतात, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखे होते, आणि ती लक्षणे परीक्षेच्या भीतीसारखीच असल्यामुळे मूल अधिकच घाबरते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि पाळीच्या दिवसांत मुलींनी ती करू नये, असे आम्ही सांगतो. ताईंच्या मुलीला या वर्षी कपालभाती शिकवू नये, असे माझे मत आहे. शेजारच्या काकूंना राग आला तरी चालेल.

तिने काय करावे, तर दिवसभर खुर्चीत वाकून बसलेले शरीर आधी मोकळे करावे. मान, खांदे आणि कंबर आखडलेली असताना नुसते "डोळे मिटून शांत बस" म्हणणे हा मुलांवर अन्याय आहे. मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, पश्चिमोत्तानासन आणि शेवटी भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी, एवढी आसने अर्ध्या तासाच्या आत आरामात होतात. प्रत्येक आसनात स्थिर राहणे महत्त्वाचे आहे, कपाळ गुडघ्याला टेकले का याची मोजणी नको. पाळीच्या दिवसांत विपरीत करणी वगळून तो वेळ शवासनाला द्यावा. त्यानंतर बसून अनुलोम-विलोम, कुंभकाशिवाय, म्हणजे श्वास न रोखता. पूरक (श्वास घेणे) चार मात्रांचे, म्हणजे मनात चार अंक मोजेपर्यंत, असेल तर रेचक (श्वास सोडणे) सहा किंवा आठ मात्रांचे, आणि धाप लागली तर मात्रा कमी कराव्यात. भ्रामरीत गुंजारव करायचा म्हणून उच्छ्वास आपोआप लांबतो, त्यामुळे ज्यांना मोजणे जमत नाही त्यांच्यासाठी ती सोपी युक्ती आहे. स्मरणशक्ती दुप्पट होते वगैरे मी कोणत्याही परंपरागत गुरूंकडून ऐकलेले नाही.

हठप्रदीपिकेतला एक श्लोक मी पालकांना नेहमी ऐकवते : "यथा सिंहो गजो व्याघ्रो भवेद्वश्यः शनैः शनैः । तथैव सेवितो वायुरन्यथा हन्ति साधकम् ॥" सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण सावकाश वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्राणायामाला हात घालणाऱ्यांना यापेक्षा वेगळे काही सांगायची गरज मला पडत नाही.

वेळेबद्दल एक आग्रह आहे. पहाटे पाचला उठवून योग करायला लावू नका. रात्री बारापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलीची पहाटेची झोप तोडून केलेली आसने कोणाच्याच उपयोगाची नाहीत. संध्याकाळी, दुपारचा अभ्यास संपवून रात्रीचा सुरू करण्याच्या मध्ये, पोट हलके असताना हा अभ्यास ठेवावा, आणि झोपण्याआधी अंथरुणावरच दहा मिनिटे शवासन किंवा मकरासन. त्यात झोप लागली तर लागू द्यावी.

उत्तर ३ : मध्यक

मी संख्याशास्त्र शिकवतो. वरची दोन्ही उत्तरे मला आवडली, तरीही ताईंनी पुराव्याची मागणी केली आहे म्हणून थोडी खडे निवडण्याची भूमिका घेतो.

दिल्लीच्या अभ्यासात कॉर्टिसॉलच्या बाबतीत असा निष्कर्ष आहे की योगगटातील वाढ एका पातळीवर लक्षणीय होती (म्हणजे निव्वळ योगायोगाने तशी दिसण्याची संभाव्यता फार कमी होती) आणि साध्या गटातील वाढ त्याहून कडक पातळीवर लक्षणीय होती. वाचणाऱ्याला वाटते की दोन गटांत फरक सिद्ध झाला. प्रत्यक्षात प्रत्येक गटाची स्वतःशीच तुलना करून आलेल्या दोन संभाव्यता शेजारी ठेवणे वेगळे आणि दोन गटांतील बदलांची एकमेकांशी थेट तुलना करणे वेगळे. ही गल्लत वैद्यकीय नियतकालिकांत पावलोपावली आढळते. निष्कर्ष खोटा आहे असे मी म्हणत नाही, तो दिसतो तितका भक्कम नाही, इतकेच.

दुसरे असे की साध्या गटाने काहीच केले नाही. योगगटाला मात्र बारा आठवडे रोज एक शिक्षक भेटला, मित्रमैत्रिणी भेटल्या, पुस्तकापासून पस्तीस मिनिटे सुटका मिळाली, आणि आपल्याला फायदा होणार आहे ही अपेक्षाही मिळाली. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन हा भाग वेगळा काढता येतो, योगात तसे करणे जवळजवळ अशक्य आहे, कारण आपण आसन करतो आहोत की नाही हे करणाऱ्याला माहीत असतेच. खरी कसोटी अशी की दुसऱ्या गटाने तितकाच वेळ झपाझप चालावे किंवा बॅडमिंटन खेळावे आणि मग तुलना व्हावी. शीवच्या अभ्यासात योगगटातील नापासांचे प्रमाण कमी होते अशीही नोंद आहे आणि ती लोक मोठ्या उत्साहाने पुढे पाठवतात. पण ५० विद्यार्थ्यांत चार-दोन जण इकडचे तिकडे झाले की टक्केवारी केवढी हलते, हे हिशेब करून पाहावे.

एवढे सगळे लिहूनही माझ्या मुलीला मी योग करू देईन. खर्च नगण्य आहे, नीट शिकला तर अपाय नाही, आणि लाभ लहान असला तरी खरा असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त त्यातून गुण वाढतील असे घरात कोणी बोलू नये. एकदा गुणांशी जोडले की योग हाही आठवा विषय होतो, आणि त्याचाही ताण येतो.

उत्तर ४ : नाडीपरीक्षक

मध्यक यांचे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत, आणि आठव्या विषयाचा मुद्दा तर घरोघरी वाचून दाखवावा असा आहे. एक भर घालतो. संथ श्वसनाचा हृदयावर व रक्तदाबावर होणारा तात्काळ परिणाम या दोन अभ्यासांवर अवलंबून नाही, तो कोणत्याही प्रयोगशाळेत काही मिनिटांत दाखवता येतो. शंका उरते ती बारा आठवड्यांच्या सरावाने संप्रेरकांत व प्रतिकारशक्तीत टिकाऊ बदल किती होतो याची.

चालण्याचे म्हणाल तर ज्या मुलाला मैदानाची ओढ आहे त्याला मी खुशाल मैदानावर पाठवीन. झोप, भूक आणि मनःस्थिती यांवर व्यायामाचा परिणाम उत्तम होतो. श्वासाचा लाभ एवढाच की परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक समोर उभे असताना चालायला जाता येत नाही, आणि बाकावर बसून श्वास लांबवता येतो. मात्र तो तिथे पहिल्यांदाच करून पाहणाऱ्याला जमत नाही. घाबरलेल्या अवस्थेत नवीन कौशल्य सुचत नाही, सवयीचे तेवढे हाताशी येते. तीन महिने लागतात ते मुख्यतः याच कारणासाठी.

उत्तर ५ : इंटर्नशिपवाला

मी सध्या इंटर्नशिप करतो आहे, म्हणजे परीक्षा देण्याचा अनुभव भरपूर आहे. बारावीच्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एका मॅडमनी आम्हाला दीर्घ श्वसन शिकवले होते, त्या वेळी मी मागच्या बाकावर बसून हसत होतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या तोंडी परीक्षेच्या रांगेत उभे असताना त्याची आठवण झाली. सर म्हणतात ते खरे आहे : तिथे ते नीट जमले नाही, त्यानंतर रोजच्या सरावाने जमू लागले.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडे लिहितो, कारण त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही. बोर्डाचा पेपर सकाळी ११ ला असतो आणि अर्धा तास आधी वर्गात बसावे लागते. फाटकाबाहेर "हे वाचलेस का, ते आलेच तर" अशी जी चर्चा चालते ती ॲड्रेनॅलिनचा उत्तम पुरवठा करते, तिथे थांबू नये. वर्गात बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, खांदे सैल सोडून, नाकाने श्वास घ्यावा आणि घेतलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लावून सोडावा. डोळे मिटण्याची गरज नाही, उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहिण्याआधी पाच मिनिटे मिळतात ती पुरतात. पेपरमध्ये एखादे सूत्र अडले तर त्याच्याशी झुंजत बसू नये, जागा सोडून पुढचा प्रश्न घ्यावा आणि प्रश्न बदलताना तेवढे तीन-चार लांब उच्छ्वास करावेत. सूत्र बहुतेक वेळा तासाभरात आपण होऊन येते.

त्या सकाळी आसने मोजकीच असावीत. कधी न केलेले काही करू नये, आणि उपाशीपोटी योग करून तसेच उपाशी केंद्रावर जाऊ नये. नीटचा पेपर दुपारी २ ला सुरू होतो, मे महिन्याच्या उन्हात, आणि त्याआधी बराच वेळ रांगेत जातो, त्यामुळे तिथे पाणी आणि जेवणाची वेळ यांचा परिणाम कोणत्याही प्राणायामापेक्षा मोठा असतो. चहा-कॉफीचे तेच. कॅफीनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेली कडक कॉफी मध्यरात्रीही निम्मी शिल्लक असते, आणि त्यानंतर झोप येण्यासाठी शवासन करणे म्हणजे एका हाताने दिवा विझवून दुसऱ्या हाताने लावणे आहे. झोपेला पर्याय म्हणून योगनिद्रा करणारी मुले मी वसतिगृहात पाहिली आहेत. पाठ केलेले पक्के होते ते प्रत्यक्ष झोपेत, आणि या वयात ती आठ तासांच्या खाली जाऊ नये.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवले. कॉर्टिसॉल आणि सूत्राचा भाग तिने स्वतः पुन्हा वाचला आणि संध्याकाळची वेळ तिनेच ठरवली, त्यामुळे आठवा विषय होणार नाही अशी आशा आहे. पुण्याच्या ताईंनी सांगितलेली आसने शिकवणारी एक शिक्षिका आमच्या भागात मिळाली आहे. सर, एकच विचारायचे राहिले. हे सगळे करूनही पोट बिघडणे आणि पाळी लांबणे चालूच राहिले तर किती काळ वाट पाहावी?

नाडीपरीक्षक

पेपरच्या सकाळपुरते पोट बिघडत असेल आणि दुपारी ते पूर्ववत होत असेल तर काळजी नको. परीक्षा नसलेल्या आठवड्यांतही जुलाब, पोटदुखी राहिली, वजन उतरू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर योगाचा परिणाम पाहत न थांबता डॉक्टरांकडे जावे. पाळी एखाद्या महिन्यात आठ-दहा दिवस लांबणे या वयात होते. सलग तीन महिने आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्यासोबत थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण धडधड, थकवा आणि गार हात ही लक्षणे रक्तक्षयातही दिसतात व आपल्याकडील मुलींत रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे. अशा मुलीला लोहाच्या गोळ्या हव्या असतात आणि आपण तिला अनुलोम-विलोम करायला बसवतो.

रडू आवरत नाही, जेवण सुटले आहे, खोलीबाहेर येणे बंद झाले आहे किंवा "मी नसते तर बरे झाले असते" असे एखादे वाक्य तोंडून निघाले, तर ते परीक्षेचे नेहमीचे दडपण समजू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ते लगेच भेटणे शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालू असते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.